परितेवाडीचे गुरुजी आणि पुस्तकातला चौकोन



आपल्या या पत्रिकेत बेणे, लागण, खत-पाणी, उतारा आणि ऊसबिल यांखेरीज दुसरे काही छापले की काही सभासद नाक मुरडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. "शाळेचं शाळेत राहू द्या, तुम्ही उसाचं बोला," असे तोंडावर सांगणारेही आहेत. पण ज्याच्या नावावर शेअर आहे त्याच्या घरात पोरेही आहेत. गट ऑफिसच्या ओट्यावर दोन सभासद टेकले की पहिली पाच मिनिटे उसाची आणि पुढचा अर्धा तास पोरांच्या शाळेचा, हा नेहमीचा प्रकार आहे. कुणाला गावातली जिल्हा परिषदेची शाळा सोडून तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात हवी असते, कुणाला ती फी झेपत नाही, आणि बहुतेकांची एक तक्रार सारखी असते, ती म्हणजे पोरगं मोबाईल सोडत नाही. तेव्हा या अंकात आम्ही शाळा आणि मोबाईल या दोहोंबद्दल एकदमच लिहीत आहोत.

आज घरी गेल्यावर एक काम करावे. पोराचे, नातवाचे, कुणाचेही बालभारतीचे पुस्तक हातात घ्यावे. पहिल्या पानावर आणि पुढे धड्याधड्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण ज्याच्यावर मोबाईल धरतो, त्याच जातीचा तो चौकोन. याला क्यूआर कोड म्हणतात. टपरीवरचा चौकोन आता म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही समजतो. पुस्तकातल्या चौकोनाकडे मात्र बापाचे लक्ष जात नाही, आणि पोराला कुणी सांगितलेले नसते. हा चौकोन पुस्तकात आला कसा, याची हकिकत आपल्याच मुलखातली आहे, आणि ती ऊस पिकवणाऱ्या तालुक्यातली आहे.

आधी चौकोनाविषयी दोन शब्द सांगतो, कारण यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय आपल्या शेतकरी माणसाचे समाधान होत नाही. किराणा मालावर उभ्या पट्ट्यांची खूण असते, ती आपण पाहिली आहे. त्या खुणेत वीसेक आकडेच मावतात. जपानात डेन्सो नावाच्या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवताना एवढ्याने भागेना. तेव्हा तेथील मासाहिरो हारा या अभियंत्याने १९९४ साली आडवी-उभी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी ही खूण तयार केली. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा 'गो' नावाचा एक खेळ तिकडे खेळतात, त्या पटावरून त्यांना ही कल्पना सुचली. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात; त्यांवरून कॅमेऱ्याला कळते की वर कुठे आणि खाली कुठे. मोबाईल तिरका धरला, उलटा धरला, तरी चालते. यात सात हजारांपर्यंत आकडे मावतात, आणि पक्क्या पद्धतीने छापला असेल तर चौकोनाचा तीस टक्क्यांपर्यंत भाग पुसला, फाटला तरी तो वाचता येतो. आपल्या घरातल्या पुस्तकांची दिवाळीपर्यंत जी गत होते ती पाहता हा गुण काही लहान नव्हे. आणखी एक गोष्ट म्हणजे पेटंट हातात असूनही कंपनीने ही खूण सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली. म्हणूनच ती टपरीवर आली आणि पुस्तकातही आली.

आता शाळेकडे वळू.

शाळेत नवे साधन आणण्याचा खटाटोप काही आजचा नाही. जुन्या सभासदांना १९८७ च्या सुमारास निघालेली खडू-फळा मोहीम आठवत असेल. शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी मिळावी, अशी ती योजना होती. त्याआधी, १९८४ साली, पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर मुलांसाठी शिक्षणाचे कार्यक्रम होत, आणि त्यांतले काही आजही लोकांना आठवतात इतके चांगले होते. ही संस्था २०१७ साली बंद झाली. या योजना करणारांची नियत वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. पण एक दोष सगळीकडे सारखा दिसतो. साधन वरून खाली आले. पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून शाळेला. शाळेत पोहोचले की त्याची नोंद जडवस्तू-रजिस्टरात झाली, आणि हरवले-मोडले तर जबाबदारी गुरुजींची. मग शहाणा गुरुजी काय करणार? पेटीला कुलूप! यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्याच्या पगारातून कापून घेण्याची भीती आहे तो माणूस भिंग आणि चुंबक पोरांच्या हातात सहसा देत नाही.

परितेवाडीत घडले ते याच्या उलट. तिथे साधन खालून वर गेले.

परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातले छोटे गाव. माढा तालुका म्हणजे उजनी धरणाचा तालुका. पाणी आले तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर कारखाने आले. या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले. ते बार्शीचे. त्यांना खरे म्हणजे संगणकाच्या क्षेत्रात अभियंता व्हायचे होते. तो मार्ग जमला नाही, तेव्हा वडिलांच्या सुचवण्यावरून नाखुशीनेच अध्यापक विद्यालयात गेले आणि तिथे त्यांचे मन बदलले. शाळा त्यांना मिळाली ती मोडकळीस आलेली, एका बाजूस जनावरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूस सामानाची खोली, अशी मधोमध. मुली शाळेत येत नव्हत्या म्हटले तरी चालेल. त्यांची लग्ने लवकर उरकण्याची चाल होती.

नवा शिक्षक संगणकाचा शौकीन असला की पहिली पायरी बहुधा एकच असते. पोरांना पडद्यावर चित्र दाखवायचे. गाणे लावायचे, गोष्ट लावायची. पोरे गोळा होतात. हे वाईट नाही. शाळेकडे न फिरकणारे पोर गाण्यासाठी का होईना, आले तर आले. परंतु येथेच थांबणारे शिक्षक पुष्कळ, आणि येथेच थांबणारी गावेही पुष्कळ. लोकवर्गणी काढून टीव्ही घेतला, भिंतीवर टांगला, नारळ फुटला, फोटो निघाला, शाळा 'डिजिटल' झाली! पुढे काय? आपल्याकडे ठिबकचे झाले तसे. अनुदान मिळाले, नळ्या अंथरल्या, आणि फिल्टर वर्षभर कुणी धुतला नाही. नळ्या रानात आहेत म्हणून ऊस वाढत नाही. रोज सकाळी कुठली तोटी बंद पडली हे बघत फिरणारा माणूस लागतो.

डिसले गुरुजींची वाढ दिसते ती या पुढच्या पायऱ्यांत. पडद्यावर दाखवलेले शाळा सुटली की संपते. पोर घरी जाते तेव्हा बरोबर काय नेते? दप्तर, आणि दप्तरात पुस्तक. म्हणून जे दाखवायचे, ऐकवायचे, ते पुस्तकालाच जोडायचे, असे त्यांनी केले. कवितेच्या पानावर चौकोन. त्यावर फोन धरला की कविता चालीत ऐकू येते. धड्याला चौकोन, त्यातून चित्रफीत, गोष्ट, स्वाध्याय. संगणक शाळेत एकच असेल, पण फोन एकेक करून घराघरात येऊ लागले होते, आणि पुस्तक तर प्रत्येक पोराजवळ होते. नवीन वस्तू विकत न घेता, घरात आधीपासून असलेल्या दोन वस्तूंची गाठ बांधली, एवढीच ही युक्ती. बोलायला सोपी वाटते. त्या वेळी राज्यात कुठल्याही शाळेत ती नव्हती.

पण आमच्या मते खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे, आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत कमी लिहून आले. मुले काय पाहतात, कुठे अडतात, काय उत्तर देतात हे बघून ते चौकोनामागचा मजकूर बदलत गेले. कागदावर छापलेला धडा एकदा छापला की छापला; चौकोन तसाच ठेवून त्यामागची चित्रफीत मात्र बदलता येते. ज्या मुलाला जड जाते त्याच्यासाठी सोपी, ज्याला येते त्याच्यासाठी पुढची. वर्गात एक विशेष गरजा असलेली मुलगी होती. तिच्यासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनाची जोड दिली. सोलापूर जिल्ह्यात घरी कानडी बोलणारी कुटुंबे पुष्कळ. पुस्तकाची भाषा आणि पोराच्या घरची भाषा यांत अंतर पडते तिथे त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत उतरवला, असेही त्यांच्या कामाच्या माहितीत नमूद आहे.

आता यात यंत्र किती आणि गुरुजी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. खोडव्यात नांग्या भरायला उतरलेला शेतकरी सरीसरीतून वाकून बघत जातो. कुठे फूट आली, कुठे डोळा मेला, कुठे रोप ठेवायचे. बांधावर उभे राहून ते दिसत नाही. पोरांच्या उत्तरांतून फिरणारा शिक्षक तेच करतो.

परितेवाडीचा प्रयोग पुढे सरकारकडे प्रस्ताव म्हणून गेला. चाचणी झाली. आणि २०१७ साली राज्य शासनाने जाहीर केले की पहिली ते बारावीच्या सर्व पाठ्यपुस्तकांत असे चौकोन येतील. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. आपल्या पुस्तकातले चौकोन त्यालाच जोडलेले आहेत. २०१८ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड घालण्याची घोषणा केली. गोठ्याशेजारच्या शाळेतून निघालेली गोष्ट दिल्लीच्या पुस्तकात गेली ती अशी.

सात कोटींचा मान आणि त्यातली अर्धी वाटणी

३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून जाहीर झाले की त्या वर्षीचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार डिसले गुरुजींना मिळाला आहे. वार्की फाउंडेशन ही संस्था युनेस्कोच्या सहकार्याने हा पुरस्कार देते. १४० हून अधिक देशांतून १२ हजारांवर नावे आली होती. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सात कोटी रुपयांच्या वर.

आणि त्याच घोषणेत त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. इटली, ब्राझील, व्हिएतनाम, मलेशिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि इंग्लंड अशा नऊ देशांतले ते नऊ शिक्षक. प्रत्येकाच्या वाट्याला पंचावन्न हजार डॉलरहून थोडे अधिक आले. शहरातल्या काही मंडळींना याचे फार नवल वाटले. "एवढी रक्कम कुणी सोडतं का?" असे टीव्हीवर विचारले गेले. सहकारात वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. दहाजणांनी मिळून ओढलेला गाडा, नाव एकाचे आले, तर वाटणी व्हायचीच.

पुरस्कार देणाऱ्या संस्थेने जी माहिती प्रसिद्ध केली तीत आकडे मोठे भरघोस आहेत. मुलींची हजेरी पूर्वी दोन टक्क्यांपर्यंत खाली गेली होती ती शंभर टक्के झाली; गावात आता लहान वयात लग्ने होत नाहीत; ८५ टक्के मुलांना वार्षिक परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली, असे तीत म्हटले आहे. आम्ही हे आकडे जसेच्या तसे दिले आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान शाळेत टक्के फार उड्या मारतात. वीस पोरांच्या शाळेत एक पोर म्हणजे पाच टक्के. पहिल्या पंधरवड्याचा उतारा पाहून हंगामाचा अंदाज बांधणारांना शेतकी खाते जे सांगते, तेच इथे लागू. टक्क्यांपेक्षा आम्हांला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते, ती म्हणजे ज्या गावात मुलगी शाळेतून काढून बोहल्यावर उभी करीत त्या गावात ती वर्गात बसू लागली. एक मुलगी टिकली तरी त्या घरापुरते शंभर टक्के झाले.

पुढच्या काळात त्यांचे काम गावाबाहेर पसरले. संगणकाच्या पडद्यावरून दूरदूरच्या वर्गांना प्रयोग दाखवणे, भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या पोरापोरांची बोलणी घडवून आणणे, असे उपक्रम त्यांनी केले. ते चांगलेच. पुढे २०२२ मध्ये रजा आणि राजीनामा यांवरून त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत उलटसुलट पुष्कळ छापून आले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. चौकोन पुस्तकात आहे, आणि तो कुणी आणला हे कागदोपत्री आहे.

असो. आपल्या कामाची गोष्ट आता येते.

फोन कुणाच्या खिशात?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा जे शहाणपण शिक्षकांना पाच-दहा वर्षांत आले नसते ते चार महिन्यांत आले. कोण व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवू लागला, कोण फोनवरून पाढे म्हणून घेऊ लागला, कोण झाडाखाली चार-चार पोरे लांब लांब बसवून शिकवू लागला. ज्यांना फोनची बटणे दाबताना घाम फुटे अशा पन्नाशीच्या बाईंनी घरच्या ओट्यावर फळा टेकून चित्रफिती केल्या. या शिक्षकांचे कौतुक कुणी लिहून ठेवले नाही म्हणून आम्ही इथे दोन ओळी लिहितो.

पण मोठी अडचण निघाली ती घराघरात. प्रथम या संस्थेची 'असर' नावाची पाहणी दरसाल चर्चेत असते. तिच्या २०१८ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेच्या पोरांच्या घरांपैकी साडेछत्तीस टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो आकडा ६१.८ वर गेला आणि २०२१ मध्ये ६७.६ वर. करोनात लोकांनी उसने-पासने करून फोन घेतले, हे आपण पाहिलेच आहे. आता पुढचे वाचा. त्याच २०२१ च्या पाहणीत असे दिसले की ज्या घरात फोन आहे त्या घरांतल्याही २६.१ टक्के पोरांच्या हाती तो अभ्यासाला मिळतच नाही. म्हणजे चारातले एक पोर. घरात फोन आहे, पुस्तकात चौकोन आहे, आणि पोर दोहोंच्या मधे कोरडे!

का मिळत नाही, हे आपल्याला कुणी पाहणी करून सांगायला नको. फोन बापाच्या खिशात असतो, आणि बाप रानात असतो. रात्रीची लाइट असली तर बाप मोटारीवर. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजनाचा मेसेज, बँकेचा मेसेज, सारे त्याच फोनवर. थोरला मुलगा घरात असला तर राहिलेला वेळ त्याचा. धाकटीची पाळी येते तेव्हा चार्जिंग संपलेले असते. आणि ती फोन मागायला लागली की आजी म्हणते, "पोरीच्या जातीला कशाला पायजे मोबाईल?" परितेवाडीत गुरुजींना घरोघर जाऊन जी समजूत घालावी लागली असेल ती चौकोनाची नसेल, ती याच वाक्याची असेल, असे आम्हांस वाटते.

इथे एक तक्रार रास्त आहे, तीही मांडतो. फोन दिला की पोरगं अभ्यास सोडून भलतेच बघतं. खरे आहे. म्हणून तर आम्ही फोन देऊन टाका असे म्हणत नाही. अर्धा तास द्यावा, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर द्यावा. जेवण झाल्यावर, अंगणात, आपण शेजारी बसून. धाकटी चौकोनावर फोन धरील, कविता लागेल, ती आपणही ऐकावी. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही कविता ऐकू येते. पोर काय शिकते हे तिला पहिल्यांदाच घरात बसून कळते. पुस्तकाच्या छापील ओळींनी हे कधी झाले नव्हते.

ज्यांना कसे करायचे ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोनमध्ये 'दीक्षा' हे ॲप घ्यावे. त्याला पैसे पडत नाहीत. भाषा मराठी निवडावी, मंडळ महाराष्ट्राचे निवडावे, इयत्ता निवडावी. ॲपमधून पुस्तकातल्या चौकोनावर कॅमेरा धरावा. चौकोन फाटला असेल, कॅमेरा खराब असेल, तर चौकोनाखाली सहा अक्षरे-आकडे छापलेले असतात, ते टाइप केले तरी तोच धडा उघडतो. आणि गावात रेंज नाही ही जी सबब असते तिच्यावरही तोड आहे. तालुक्याला, कारखान्यावर, जिथे नेट चालते तिथे त्या आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. मग घरी नेट नसले तरी चालतात. ऊस घेऊन वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर चार-चार तास बसणाऱ्यांना हे काम सहज होण्यासारखे आहे. नाहीतरी त्या वेळात फोनवर काय चालते ते आम्ही पाहतोच.

कोपीतल्या पोरांचे पुस्तक

ज्यांच्याबद्दल या पत्रिकेत क्वचित लिहिले जाते त्यांच्याकडे शेवटी येतो. हंगाम सुरू झाला की बीड, जालना, अहिल्यानगरच्या दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर पोरे. ऐन दिवाळीत शाळा सुटते ती एकदम उन्हाळ्यात उघडते, आणि तोवर वर्ष संपलेले असते. शासनाने गावीच पोरांना ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे काढली, शिक्षण हमी कार्ड काढले, की जिथे पोर जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. २०१० सालापासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे. आपल्या भागात हे कार्ड घेऊन किती पोरे शाळेत बसतात, ते ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन विचारावे. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीवर बसते आणि वाढे गोळा करते, हे दृश्य तर आपल्या सवयीचे झाले आहे.

या पोरांच्या बाबतीत पुस्तकातल्या चौकोनाचा एक उपयोग आहे, जो कुणी फारसा बोलत नाही. राज्यातल्या मराठी शाळांत बालभारतीचे पुस्तक एकच. शिरूर कासारच्या पोरीचे तिसरीचे पुस्तक आणि आपल्या गावच्या पोरीचे तिसरीचे पुस्तक, पान न् पान सारखे. ती पोरगी आपल्या शाळेत दोन महिने आली, पुढे टोळीबरोबर दुसऱ्या गटात गेली, तरी धडा तोच, चौकोन तोच. तिच्या गावचे गुरुजी आणि आपल्या गावच्या बाई फोनवर दोन मिनिटे बोलल्या तरी कुठल्या धड्यापर्यंत आली हे कळते. यासाठी यंत्र लागत नाही, नंबर लागतो. मुकादमाजवळ टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची उचल पैन् पै लिहिलेली असते. त्याच वहीत पोराची इयत्ता आणि गावच्या गुरुजींचा नंबर लिहायला एक ओळ पुरते.

फडातल्या माणसाची अडचणही आम्हांस माहीत आहे. पहाटे अंधारात तोड सुरू होते, संध्याकाळी गाडी भरून होईतो कुणाला दम नसतो. कोपीवर वीज नसते. फोन चार्ज करायला एखाद्याच्या घरी नाहीतर दुकानात पैसे देऊन ठेवावा लागतो. ज्या सभासदाच्या रानाशेजारी टोळी उतरली आहे त्याच्या बोअरच्या पेटीशी एक बोर्ड बसवून दिला तर खर्च चहापाण्याइतका. तोडणी आपल्या प्लॉटात आली म्हणजे आपण मुकादमाला कोयते किती आणि गाड्या किती हे विचारतो. पोरे किती, कितवीतली, आणि पुस्तके बरोबर आणली आहेत की गावाकडेच राहिली, एवढे तेव्हाच विचारून घ्यावे. राहिली असतील तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. शाळेत गेल्या वर्षीच्या मुलांनी परत दिलेली जुनी पुस्तके असतात, त्यांतून जोड लागते. यंदाच्या पुस्तकात धडे बदललेले नाहीत ना, एवढे मात्र गुरुजींकडून पाहून घ्यावे.